एका सुंदर हस्ताक्षराची चौकशी

माझं अक्षर सुंदर आहे, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगेल म्हणून थांबलो तर ही गोष्ट सुरूच व्हायची नाही. आमच्याकडे शेत नाही, मळा नाही, बायकोच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज काही नाही. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, पुढे एक ओटा, म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत तिसरी ‘ब’चा वर्ग आणि हे अक्षर, एवढीच इस्टेट. शाळेत कोणी पाहुणे यायचे असले की फळ्यावरचं ‘सुस्वागतम्’ मी लिहायचं आणि हेडमास्तरांनी त्याच्याकडे बोट दाखवून ‘आमच्या शाळेची परंपरा’ म्हणायचं, असा अकरा वर्षांचा रिवाज होता. होता, असं मुद्दाम म्हणतो. ते पुढे येईलच.

छप्पन साली नोव्हेंबरात आमचं राज्य बदललं. म्हणजे आम्ही बुऱ्हाणपूरकर जागचे तसूभर हललो नाही. राजधानी तेवढी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि जाताना आमची सगळी कागदपत्रं बरोबर घेऊन गेली. ती नेमकी कुठवर पोचली आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. नागपूरला विचारलं तर भोपाळ म्हणत आणि भोपाळला विचारलं तर उत्तरच येत नसे.

अशा दिवसांत दत्तजयंतीला राममंदिरात कीर्तन होतं. माझं नाव दत्तात्रय, त्यामुळे त्या दिवशी मी जरा पुढे बसतो. बुवा म्हणाले, तुम्ही सगळे देवाकडे मागता, पण देवानं तुमच्याकडे काय ठेवायला दिलं आहे ते कधी उघडून बघता का? ती त्याची ठेव आहे. त्याच्या लेकरांसाठी खर्च केली नाही तर ती अफरातफर झाली. हे ऐकून अख्खं मंदिर पुढच्या रांगेतल्या कापसाच्या व्यापाऱ्यांकडे बघायला लागलं. मीही बघितलं. आपल्याकडे काहीच नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तो घरापर्यंत टिकला नाही. वाटेत विमल, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर आहे की."

मी थबकलो. खरंच होतं. हे अक्षर मी पैदा केलेलं नाही, ते देवाचं. आणि मी ते कशावर उधळत होतो? लोकांच्या मुंजीच्या पत्रिका, सुस्वागतम् आणि वाण्याची यादी. मी तिथल्या तिथे नेम केला, की पाडव्यापर्यंत जो येईल त्याचा अर्ज आपल्या ओट्यावर बसून लिहून द्यायचा, एक पैसा न घेता. नवं राज्य आलं होतं, अर्जांना तोटा नव्हता. विमल म्हणाली, आधी माझ्या भावाला पत्र लिहा, तीन महिने झाले. पण नेमाची सुरुवात घरापासून केली तर त्यात स्वार्थ आला असता, म्हणून ते राहिलं.

बोरूने झोकदार पाटी लिहून ओट्यावर टांगली: ‘येथे अर्ज मोफत लिहून मिळतील.’ चार दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. समोरचे सुधाकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याजवळ सल्ला तयार असतो. ते म्हणाले, फुकट लिहिलं की लोक खोट शोधतात. नारळ ठेवायला सांगा. मग मी पाटीखाली ‘इच्छा असल्यास श्रीदत्तापुढे नारळ’ असं बारीक लिहिलं. सुधाकररावांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, आता भोंदूगिरी वाटते. मी ती ओळ खोडली. खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून पाटी पुन्हा लिहिली. पहिला आठवडा दानधर्मापेक्षा रंगकामात जास्त गेला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते भागाबाई. लोधीपुऱ्यातली दाई. म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहात नऊ वर्षं हंगामी. आमची दोन्ही मुलं तिच्याच हातून झालेली, त्यामुळे ती मला वचकून असण्याचा प्रश्नच नव्हता. तिची अडचण साधी होती. पंचेचाळीस साली ती नागपूरला सहा महिने दाईचं शिक्षण घेऊन पास झाली होती. शिक्षण तोंडी, परीक्षा तोंडी, सही म्हणून अंगठा. दाखला एका पुरात भिजून गेला. आता नवा हुकूम आला होता, की एकतीस मार्चच्या आत दाखला दाखवा, नाही तर जागा खाली करा. नक्कल भोपाळहून मागवायची होती आणि अर्ज इथल्या कचेरीतून पुढे जायचा होता. घरात सून गेलेली, दोन नाती पदरात. नोकरी गेली तर तिघींनी काय खायचं, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण मला न सांगता कळलं.

मी अगदी जीव ओतला. दीड फुलस्केप. आरंभी नव्या राज्याचं अभीष्टचिंतन, मग मातृत्वाचं माहात्म्य, मधे एक सुभाषित अर्थासकट, डाव्या बाजूला लाल समास. वाचून दाखवलं, सुभाषित दोनदा.

भागाबाईने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, यात माझं काम कुठं आलं?"

मी म्हटलं, दुसऱ्या पानावर आहे.

ती अंगठा उठवून गेली. आणि दोनच दिवसांत एक चमत्कार झाला. चमत्कार असा, की लोधीपुऱ्याच्या बोळातला कंदील वर्षभर विझलेला होता, त्यासाठी मी दुसऱ्या एकाला अर्ज लिहून दिला होता, आणि तो कंदील पेटला. निवडणूक तोंडावर होती, गावातले झाडून सगळे कंदील पेटले होते, हे सांगायला कोणी थांबलं नाही. मास्तरला हातगुण आहे, अशी बोलवा उठली. एखाद्या वैद्याला असतो, एखाद्या सुगरणीला असतो, तसा मला अर्जाचा हातगुण आहे. झालं. ओट्यावर रांग लागली.

गटारीचे अर्ज आले, विहिरीचे आले, शिधापत्रिकेचे आले. आशाबाई नावाच्या एक बाई जावयाला पत्र लिहून घ्यायला आल्या, की लेकीला माहेरी पाठवा. हा अर्ज होत नाही म्हटलं तर म्हणाल्या, जावयापुढे दुसरं काय करतात? एकाने देवीला नवस लिहून घेतला आणि खाली माझी सही मागितली. शाळेतून आलो की चहा ओट्यावर, जेवण ओट्यावर. बोटाला घट्टे पडले. विमल दिव्याची वात तेवढी जरा जोरात वर करायची.

मला वाईट वाटत होतं असं म्हणालो तर खोटं होईल. मी भलता खूश होतो. नारळ नको म्हणालो होतो खरा, पण लोक जाताना अर्ज उलटासुलटा करून ‘काय अक्षर आहे’ म्हणत, ते मी रोज मोजून घेत होतो. ती पण एक दक्षिणाच, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आणि मग लोटू आणि गोटू आले. खकनारकडचे दोघे सख्खे भाऊ, केळीवाले, एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडलेले. एकत्र आले नाहीत. लोटू सकाळी आला. धाकट्याने माझी केळ वाळवली म्हणून ढसाढसा रडला. मी अर्ज लिहिला, तो वाचून दगडाला पाझर फुटला असता. संध्याकाळी गोटू आला. तीच विहीर, तीच केळ, रडणं तेवढं वेगळं. आता मी काय करायला हवं होतं? शहाण्या माणसाने हात जोडले असते. पण मी विचार केला, देवाच्या ठेवीत पक्षपात कसा करायचा? सकाळच्याला दिलं तेवढंच संध्याकाळच्याला द्यायला हवं. म्हणून गोटूचाही अर्ज तितकाच पोटतिडकीने लिहिला, तोच लाल समास, तेच सुभाषित. निःपक्षपातीपणाचं असं उदाहरण तालुक्यात दुसरं सापडायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कचेरीचा चपराशी थेट वर्गात आला. तिसरी ‘ब’च्या त्रेचाळीस पोरांसमोर त्याने विचारलं, की अर्जवाले मास्तर तुम्हीच का, साहेबांनी बोलावलंय. पोरांचे चेहरे उजळले. आपल्यासारखंच मास्तरांनाही कोणी बोलावतं, हे त्यांना नवीन होतं.

साहेब ग्वाल्हेरकडचे, नव्याने बदलून आलेले. मराठी त्यांना समजत नव्हतं, पण अक्षर ओळखायला भाषा लागत नाही. टेबलावर माझे अर्ज रचून ठेवले होते. एकशे सत्तावीस. वर लोटू आणि गोटू शेजारी शेजारी. हेडक्लार्कने दोन्ही हिंदीत समजावून सांगितले होते. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्या गावाची गाऱ्हाणी एकाच हाताने, एकाच थाटात लिहिलेली, वर दोन भावांना एकमेकांवर घालणारा हात तोच. निवडणुकीचे दिवस. इथल्या मराठी लोकांना फितवून बुऱ्हाणपूर मुंबई राज्याला जोडायची कोणाची तरी चळवळ याच्यामागे असली पाहिजे.

"आप किस पार्टी के आदमी हैं?" त्यांनी विचारलं.

मी घाबरून गेलो होतो. तोंडाला येईल ते उत्तर दिलं, "जी, तीसरी ब."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

लेखी खुलासा द्यायचा हुकूम झाला. मी रात्रंदिवस एक करून पाच पानांचा खुलासा दिला. बुवांच्या कीर्तनापासून सुरुवात केली, ठेवीचं सगळं समजावून सांगितलं, लाल समास आखला. साहेबांनी पहिलं पान बघितलं आणि हेडक्लार्ककडे टाकत म्हणाले, फिर वही लिखावट. खुलासा एकशे अठ्ठाविसावा कागद म्हणून त्याच गठ्ठ्यात बांधला गेला. चौकशी पुरी होईपर्यंत गठ्ठा कपाटात. आणि कचेरीच्या दारावर नोटीस लागली, की यापुढे अर्ज एकतर लायसनवाल्या अर्जनविसाने लिहिलेला हवा, नाही तर ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला.

शाळेत हेडमास्तर म्हणाले, दत्तात्रयराव, काही दिवस फळ्यापासून लांब राहा. त्या आठवड्यात इन्स्पेक्टर आले, तेव्हा ‘सुस्वागतम्’ भूमितीच्या मास्तरांनी लिहिलं. शेवटचा म् फळ्यात मावला नाही, भिंतीवर गेला. अकरा वर्षांच्या सेवेनंतर माणसाने हेही बघायचं असतं.

पण खरा फटका पुढे होता. गठ्ठ्यातला तळाचा कागद कोणाचा? भागाबाईचा. तो भोपाळला गेलाच नव्हता. ती मार्चच्या सतरा तारखेला चौकशी करायला गेली, तेव्हा तिला कळलं, की तुझा अर्ज संशयित अक्षरात आहे.

ती सरळ आमच्या ओट्यावर आली. मी क्षमा मागायला तोंड उघडलं.

"मास्तर, बाईला कळा येतात तवा मी पदर सावरत बसते का?" ती म्हणाली. "मले दाखला पायजे होता. तुम्ही मले काहून सजवत बसले?"

तीन महिन्यांत मी एकशे सत्तावीस माणसांचं काम केलं असं समजत होतो, आणि खरं काम होतं ते एकाच बाईचं, तेच माझ्या नखऱ्यापायी अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरधरकडे गेलो. गिरधर कचेरीसमोरच्या निंबाखाली पेटी घेऊन बसणारा जुना अर्जनवीस. लायसनवाला आहे, लिहून देईल, एवढाच माझा हिशेब. तीन महिने त्याच्यासमोरून जाताना मी मान ताठ ठेवली होती, हे मला पेटीजवळ पोचल्यावर आठवलं.

गिरधर म्हणाला, "मास्तर, तुम्ही दान केलं, अच्छा केलं. पण माझ्या ताटातलं केलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चुकलो. त्याने पेटी थोडी सरकवून बसायला जागा दिली. मग कळलं, की त्याचं लायसन नागपूरचं. नवं भोपाळहून यायचं आहे, आणि तोवर त्यालाही लेखणी उचलायची बंदी. गावातल्या चारही अर्जनविसांची तीच गत. म्हणजे नोटिशीचा एकच अर्थ उरत होता, की भागाबाईने आपला अर्ज आपल्या हाताने लिहायचा. अंगठ्याशिवाय जिने कागदाला कधी हात लावला नव्हता तिने. आणि हाताशी बारा-तेरा दिवस, त्यात भोपाळचं टपाल धरायचं.

गिरधरने माझा अर्ज कसा होता ते विचारलं. मी सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, साहेब लोक तीन ओळी वाचतात, चौथीला त्यांची चहा येते. मग लिहायची बंदी होती म्हणून तोंडीच सांगितलं, जोडाक्षर एकही येऊ न देता: ‘मी भागाबाई, दाई. नागपूरला शिकून पास झाले. दाखला पाठवावा.’ वीस वर्षांची कमाई त्याने मला एका दमात देऊन टाकली आणि नारळही मागितला नाही.

शिकवणी सुरू झाली. मी पाटीवर सुबक ‘भ’ काढून दिला. भागाबाईने काढला तो निराळाच प्राणी होता. मी पुसला, पुन्हा काढून दिला. तिसऱ्यांदा पुसायला गेलो तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, वाचता येतो ना, मग असू द्या. पोर वाकडं निघालं म्हणून मी परत आत घालत नाही. स्वयंपाकघरातून विमल इतकी हसली, की आमटी उतू गेली.

तिला अक्षरं तिच्या पद्धतीने लक्षात राहत. ‘ग’ म्हणजे गोदाबाईचा, पायाळू झालेला. ‘ल’ म्हणजे लीला, जुळ्यातली दुसरी. ‘प’ला मात्र कोणी सापडेना, तो रोज विसरायचा. मधेच कोणाचं बोलावणं आलं की पाटी ठेवून जायची, दोन तासांनी हात धुऊन परत यायची आणि जिथे सोडलं तिथून पुढे. माझ्या त्रेचाळीस पोरांत असा विद्यार्थी एक नाही. सुधाकररावांनी सल्ला दिला, की या वयात मेंदू घट्ट होतो, तूप द्या. तूप त्यांच्याकडून आलं नाही. पण तीन दिवसांनी त्यांची सूनच पाटी घेऊन ओट्यावर येऊन बसली, तेव्हापासून त्यांचा सल्ला बंद झाला.

सव्वीस तारखेला अर्ज कागदावर उतरला. ओळी अशा, की कापसाची गाडी नदी उतरते तशा खाली चाललेल्या. ती घरी गेली आणि कागद माझ्याजवळ राहिला. खरं सांगतो, माझा हात शिवशिवायला लागला. ‘पाठवावा’तला ठ नुसता भोपळा होता. एक शेंडी दिली असती की झालं असतं. कोणाला कळलं असतं? मी बोरू उचलला. विमलने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि वेणीत खोचून निजायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत, भागाबाई, मी आणि नैतिक आधाराला गिरधर. साहेबांनी कागद बघितला. मग मला बघितलं. त्यांना संशय यायलाच हवा होता. दहा दिवसांत अंगठ्याची सही कशी झाली? ते म्हणाले, "मेरे सामने लिखो।"

तिने खुर्ची नको म्हटलं. जमिनीवर बसली, मांडीवर फळी घेतली. कचेरीतले कारकून उठून गोळा झाले. एवढ्यात दारात एक माणूस धापा टाकत आला, घरी बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. भागाबाईने मान वर न करता विचारलं, पहिलटकरीण ना? मग वेळ आहे, पाणी तापवायला सांग. आणि ‘न’ला काना दिला.

तीन ओळी झाल्या. एक एक अक्षर ओठांनी म्हणत तिने काढलं, ‘प’ सुद्धा. मी श्वास सोडला. पण तिने लेखणी ठेवली नाही. चौथी ओळ सुरू केली. चौथी ओळ आम्ही शिकवलेलीच नव्हती. मी गिरधरकडे बघितलं, गिरधरने माझ्याकडे, आणि मला दरदरून घाम फुटला, कारण तिच्या मनात म्युनिसिपालटीबद्दल काय काय आहे ते मला ठाऊक होतं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. तो अर्ज साहेबांनी त्याच टपालाने पाठवला, वर शिफारस लिहिली, आणि म्युनिसिपालटीला कळवलं, की नक्कल येईपर्यंत या बाईला हात लावू नये. नक्कल अक्षयतृतीयेला आली. भागाबाई पक्की झाली. गिरधरचं लायसनही मागोमाग आलं. लोटू-गोटू अजून भांडतात, पण त्यात माझा हात नाही.

तर ती चौथी ओळ. तिने कागद वर केला, हेडक्लार्कने घेतला आणि मोठ्याने वाचला. तीन ओळी वाचल्या, मग अडखळला, मग साहेबांसाठी हिंदीत सांगितलं, "हुजूर, लिखती है, ‘मासतर भला माणूस. सोडा.’ मास्टर भला आदमी है, छोड़ दीजिए।"

आयुष्यात पहिल्यांदा लिहायला आलं, आणि तिने ते माझ्यासाठी वापरलं. मी तोंड फिरवून खिडकीतून निंबाकडे बघत बसलो, कारण चारचौघांत मास्तरने रडणं बरं दिसत नाही.

साहेबांनी कपाटातून गठ्ठा काढायला सांगितला आणि स्वतःच्या हाताने त्याची दोरी सोडली. भागाबाई उठली, पदर खोचला आणि त्या माणसाबरोबर निघूनही गेली.

हेडक्लार्क चांगला माणूस. कागद भोपाळला जायचा, म्हणून त्याने दौत माझ्यापुढे सरकवली आणि हळूच म्हणाला, मास्तर, जोडाक्षर चुकलंय, आता हरकत नाही, तेवढं नीट करून द्या.

मी कागद पुन्हा एकदा वाचला आणि त्याला परत दिला. म्हटलं, राहू द्या. बरोबर आहे.